पणजीचे नाव

जुन्या घरात माळ्यावर, देवघराच्या कोनाड्यात किंवा एखाद्या लाकडी पेटीच्या तळाशी लाल फडक्यात बांधलेले कागदांचे एक गाठोडे बहुधा सापडतेच. पिवळ्या पडलेल्या पावत्या, एखादी जन्मपत्रिका, शेताच्या वाटणीचा कागद, कोणा आप्ताचे अर्धवट फाटलेले पत्र असा ऐवज त्यात असतो. घरातील तरुण मंडळींना हा सारा केर वाटतो, आणि कित्येक गाठोडी रद्दीच्या भावाने वाण्याच्या दुकानी जाऊन पुड्या बांधण्यात संपून जातात. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी मात्र अशाच गाठोड्यांसाठी गावोगाव पायपीट केली. १८९८ साली त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पुढे या मालेचे बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. ज्या कागदांना लोक केर म्हणत, त्यांतूनच महाराष्ट्राच्या इतिहासाची कितीतरी पाने पुन्हा लिहिली गेली.

राजवाड्यांनी राज्यांचा इतिहास शोधला. परंतु तुमच्या-आमच्या लहान घराण्यांनाही स्वतःचा इतिहास असतो. त्यात लढाया नसतात, तह नसतात. पण दुष्काळ असतात, साथी असतात, स्थलांतरे असतात आणि कधी कधी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले गैरसमजही असतात. अशाच एका गैरसमजाचा माग मी सेवानिवृत्तीनंतर काढला. ती हकीगत येथे सांगतो.

आमचे घर वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात. आमच्या घराण्याची दुसरी शाखा वर्धा नदीच्या पलीकडे, अमरावती जिल्ह्यात, कौंडण्यपूरच्या बाजूला राहते. मूळ गाव तेच. माझे पणजोबा आणि त्यांचे धाकटे बंधू हे दोघे त्या गावी एकत्र राहत. पणजोबांच्या मृत्यूनंतर माझी पणजी लहान मुले बरोबर घेऊन नदीच्या अलीकडे, आपल्या माहेरी आली आणि आमची शाखा या तीरावर वाढली. येथवर दोन्ही घरे एकच गोष्ट सांगत. पुढे मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या होत. पलीकडचे म्हणत, “नवरा अंथरुणाला खिळलेला असताना ती बाई त्याला टाकून माहेरी निघून गेली.” अलीकडचे म्हणत, “नवरा गेल्यावर दिराने तिला मुलांसह घराबाहेर काढले.” या दोन वाक्यांपायी तीन पिढ्या दोन्ही घरांत जाणे-येणे नव्हते. लग्नाची अक्षत नदी ओलांडून कधी गेली नाही, आणि सुतकसुद्धा कोणी कोणाचे पाळले नाही.

यात खरे काय, हे कळल्यावाचून मला चैन पडेना. ज्या बाईने एकटीने मुले वाढवली, तिच्यावर असा ठपका का राहावा? आणि ज्याने तो ठेवला नसेल, त्या दिरावर तरी क्रौर्याचा आरोप का राहावा? दोघेही आता स्वतःची बाजू मांडण्यास नव्हते. त्यांच्या वतीने बोलणार होते ते केवळ कागद.

परंतु कागदही एकमताने बोलत नाहीत, असा अनुभव मला लवकरच आला.

पहिली अडचण प्रदेशाची. आज वर्धा नदी ओलांडली, तर आपण एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जातो, इतकेच. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तसे नव्हते. नदीच्या पलीकडे वऱ्हाड होते. ते निजामाच्या राज्याचा भाग असून १८५३ सालापासून इंग्रजांच्या कारभाराखाली होते. नदीच्या अलीकडे नागपूरकर भोसल्यांचे राज्य होते. ते १८५४ साली खालसा झाले आणि १८६१ साली मध्यप्रांतात गेले. १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला. त्याचे ठाणे आरंभी पुलगावजवळील कवठा येथे होते. १८६६ साली ते पालकवाडी या लहानशा गावी नेण्यात आले आणि तेथेच आजचे वर्धा शहर वसले. वऱ्हाड आणि मध्यप्रांत यांचा कारभार एकत्र झाला तो १९०३ साली. तोवर दोन तीरांवर जमीनमहसुलाच्या दोन पद्धती होत्या. पलीकडे रयतवारी, तर अलीकडे मालगुजारी. त्यामुळे एकाच घरातील दोन भावांचे कागद दोन निराळ्या पद्धतींनी, दोन निराळ्या कचेऱ्यांत लिहिले जात.

दुसरी अडचण गावांच्या नावांची. आमच्या जिल्ह्यात आष्टी आहे, तशी बीड जिल्ह्यातही आहे. आमच्याकडे सेलू आहे, तसे परभणी जिल्ह्यातही आहे. कारंजा म्हणावे, तर एक घाडग्यांचे आमच्या जिल्ह्यात आणि दुसरे लाडांचे वाशीम जिल्ह्यात. ‘आमचे पूर्वज कारंज्याचे’ एवढेच एखाद्या कागदात असेल, तर शोध करणाराने कोणत्या दिशेची गाडी धरावी?

तिसरी अडचण माणसांच्या नावांची. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल आहे. ती सुंदर आहे. पण वंशावळीत तीच मोठा घोटाळा माजवते. एक आजोबा आणि एक नातू यांची नावे एक, दोघांच्या वडिलांची नावेही एक! आमच्या एका आप्ताने मोठ्या हौसेने वंशावळ तयार केली होती. तिच्यात आमचा एक पूर्वज एकशेतीस वर्षे जगलेला दिसे. खरे पाहता ते दोन वेगळे पुरुष होते, आणि मधल्या पिढीची ओळ लिहावयाची राहून गेली होती.

बायकांच्या नावांचा प्रश्न तर याहून बिकट. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत पुष्कळ घरांत असे. माहेरच्या कागदात एक नाव, सासरच्या कागदात दुसरे. आणि बहुतेक कागदांत तर नावच नाही, नुसते ‘अमक्याची बायको’ किंवा ‘अमक्याची विधवा’. माझ्या आजीने आपल्या सासूचे, म्हणजे माझ्या पणजीचे, जे नाव मला लहानपणी सांगितले होते, ते एका नदीचे होते. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत मात्र निराळेच नाव निघाले. या वह्यांविषयी तुम्हाला सांगितले पाहिजे. नाशिक-त्र्यंबकेश्वरासारख्या क्षेत्रांतील उपाध्याय आपल्याकडे येणाऱ्या यजमानांची नावे, गाव, वाडवडिलांची नावे आणि येण्याचे कारण वहीत लिहून ठेवतात. पुष्कळदा यजमान स्वतःच्या हस्ताक्षरात सही करतो. माझे आजोबा १९३८ साली आपल्या आईच्या अस्थी घेऊन नाशिकला रामकुंडावर गेले होते. त्या दिवशीची त्यांची सही मी पाहिली आणि माझा हात क्षणभर थरथरला. तेथे त्यांनी आपल्या आईचे नाव लिहिले होते, ते एका देवीचे होते. एकाच बाईची दोन नावे, की या दोन वेगळ्या बायका? आर्वी तालुक्यातील तिच्या माहेरच्या माणसांनी उलगडा केला. नदीचे नाव माहेरचे, देवीचे नाव सासरचे. ती माहेरी परत आल्यावर गावाने तिला पुन्हा लहानपणच्या नावानेच हाक मारण्यास आरंभ केला. सून म्हणून आलेल्या माझ्या आजीच्या कानी तेच नाव पडले. मुलाने मात्र तीर्थक्षेत्री आईचे सासरचे नाव लिहिले. दोन्ही नोंदी खऱ्याच होत्या.

असाच एक गमतीचा विरोध आजोबांच्या जन्मतारखेत होता. त्यांच्या शाळेच्या दाखल-खारीज पुस्तकात ती १ जुलै १८९८ अशी होती. पलीकडच्या गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत माझ्या पणजोबांचा मृत्यू डिसेंबर १८९६ मध्ये झाल्याचे लिहिले होते. म्हणजे मुलाचा जन्म वडिलांच्या मृत्यूनंतर दीड वर्षाने! ही गोष्ट अशक्य. मी जन्मभर शाळेत काम केले असल्यामुळे याचे कारण शोधण्यास मला वेळ लागला नाही. पूर्वी मुलाला उशिरा शाळेत घालीत. आईबापांना जन्मतारीख ठाऊक नसे. मग गुरुजी चेहऱ्याकडे पाहून वयाचा अंदाज करीत आणि शाळा सुरू होण्याच्या सुमाराची एखादी सोयीची तारीख लिहून टाकीत. जुन्या दाखल-खारीज पुस्तकांत पानेच्या पाने एका तारखेला जन्मलेल्या मुलांनी भरलेली दिसतात. तेव्हा कागद काय म्हणतो, एवढेच पाहून चालत नाही. तो कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहिला, हेही पाहावे लागते.

असे घोटाळे केवळ आपल्याकडेच होतात, असे मात्र समजू नका. आमच्या जिल्ह्यात हिंगणघाट येथे विल्यम लॅम्बटन या इंग्रज भूमापकाची कबर आहे. १८०२ सालच्या एप्रिल महिन्यात मद्रासजवळ एक पायारेषा मोजून त्यांनी आपल्या महान कामास हात घातला आणि पुढे वीस वर्षे त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत ते उत्तरेकडे सरकत राहिले. हैदराबादहून नागपूरकडे जाताना १८२३ सालच्या जानेवारीत हिंगणघाट येथे त्यांना मृत्यू आला. शेकडो कोसांचे अंतर काटेकोरपणे मोजणाऱ्या या गृहस्थांचे स्वतःचे जन्मवर्ष मात्र कोणी १७५३ धरतात, तर कोणी १७५६!

नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयाला ज्यांचे नाव दिले आहे, ते स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडमधील डन्स गावचे. त्यांचा जन्म १८१७ सालचा. नागपूर भागातील खडक, जीवाश्म आणि आदिवासी यांचा त्यांनी कसून अभ्यास केला. १८६३ साली टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परत येताना बोरीजवळ ओढ्याच्या पुरात बुडून त्यांचा अंत झाला. त्यांच्याविषयी वाचता वाचता स्कॉटलंडमधील लोक आपल्या पूर्वजांचा शोध कसा घेतात, हे जाणून घेण्याची मला इच्छा झाली. त्या देशात जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंद १८५५ सालापासून सुरू झाली. त्यापूर्वीचे सारे गावोगावच्या चर्चच्या वह्यांवर अवलंबून. त्या वह्यांत कोठे जन्माऐवजी बाप्तिस्म्याची तारीख असते, तर कोठे मधलीच वर्षे गळालेली असतात. तेथेही पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव ठेवण्याची जुनी चाल होती. त्यामुळे एकाच गावात एकाच नावाचे चार-चार चुलतभाऊ! मात्र एका बाबतीत ते आपल्यापेक्षा सुदैवी. तेथील जुन्या कागदांत आणि थडग्यांवरसुद्धा विवाहित स्त्रीचे माहेरचे आडनाव लिहिलेले आढळते. म्हणून आईच्या बाजूचा माग तेथे आपल्याइतका सहज पुसला जात नाही.

त्यांच्या आणखी एका अडचणीने माझे विशेष लक्ष वेधून घेतले. इंग्लंडमध्ये पूर्वी नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. स्कॉटलंडने १६०० सालापासून ते १ जानेवारीला सुरू केले. इंग्लंडने हा बदल केला १७५२ साली. त्यामुळे मधल्या दीडशे वर्षांत, समजा, एखादी घटना फेब्रुवारी महिन्यात घडली, आणि तिची नोंद एडिंबरोच्या कारकुनाने फेब्रुवारी १७०० अशी केली, तर लंडनचा कारकून त्याच महिन्याला फेब्रुवारी १६९९ म्हणे! घटना एक, महिना एक, आणि वर्षे दोन. कारण वर्षाचा आरंभ निराळा.

हे वाचले आणि पलीकडच्या घरी पाहिलेला एक कागद माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

काही महिन्यांपूर्वी मी नदी ओलांडून त्या घरी गेलो होतो. पंच्याऐंशी वर्षांपुढचे माझे एक चुलत काका तेथे आहेत. पणजोबांच्या त्या धाकट्या बंधूंचे ते नातू. त्यांनी मला ओसरीवर बसवले, पाणी दिले. पण चहाचे विचारले नाही. मी येण्याचे कारण सांगताच ते म्हणाले, “गुरुजी, तुम्ही शिकलेले आहात. आमच्याकडे तोंडची गोष्ट नाही, लिहिलेला कागद आहे. बघा.”

कागद मोडीत होता. मोडी लिपीत हात न उचलता सलग लिहिण्याची पद्धत असल्यामुळे शब्द एकमेकांत मिसळलेले असतात, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळलेला नसतो. म्हणून मी तो सावकाश, दोनदा वाचला. पाचच ओळी होत्या. तिथी होती वैशाख वद्य पंचमी, सन १३०६ फसली. मजकुराचा आशय असा : काळ पडला आहे, घरात दाणा नाही. वहिनी चार लेकरांसह माहेरी गेली. सोबत एक गाय आणि दोन पायल्या ज्वारी दिली. कागदाच्या कडेला नंतरच्या कोणीतरी शिसपेन्सिलीने ‘सन १८९६’ असा आकडा घातला होता.

“पाहिलंत?” काका म्हणाले. “आमचे थोरले आजोबा वारले डिसेंबर १८९६ मध्ये. सरकारी वहीत आहे. आणि त्यांची बायको निघून गेली त्याच सालच्या वैशाखात. सात महिने आधी! कागद काही खोटं बोलत नाही.”

मी काही बोललो नाही. त्यांच्या परवानगीने कागदाची नक्कल उतरून घेतली आणि परत आलो. स्कॉटलंडची ती हकीगत वाचल्यावर मी ती नक्कल पुन्हा पुढ्यात घेतली.

फसल म्हणजे पीक. शेतसाऱ्याच्या सोयीसाठी मोगलांच्या काळात फसली सन सुरू झाला. दक्षिणेकडील फसली सनात ५९० मिळवले, म्हणजे ज्या इंग्रजी वर्षात तो सुरू होतो, ते वर्ष मिळते. १३०६ मध्ये ५९० मिळवा. उत्तर १८९६ येते. पेन्सिलीने आकडा घालणाराचा हिशेब येथवर अगदी बरोबर होता. पण फसली वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते मृगाच्या सुमारास, म्हणजे जूनमध्ये सुरू होते. १३०६ फसली हे वर्ष १८९६ च्या जूनमध्ये सुरू झाले आणि १८९७ च्या जूनमध्ये संपले. मग त्या वर्षातील वैशाख महिना कोणता? वैशाख येतो एप्रिल-मेमध्ये, म्हणजे फसली वर्षाच्या अगदी शेवटी. तोवर इंग्रजी वर्ष पालटलेले असते. तेव्हा तो वैशाख १८९६ चा नव्हे, १८९७ चा! पणजोबा वारले डिसेंबर १८९६ मध्ये, आणि पणजीने घर सोडले मे १८९७ मध्ये. पतीच्या आधी सात महिने नव्हे, तर पतीमागून पाच महिन्यांनी.

एका गणितावर विसंबून राहावे, हे मला पटेना. दुसरा पुरावा हवा होता, आणि तो त्याच कागदात होता. ‘काळ पडला आहे, घरात दाणा नाही.’ आमच्या भागातील तो मोठा दुष्काळ १८९६-९७ चा. १८९६ चा पावसाळा लवकर आटोपला आणि पिके बुडाली. त्यानंतरच्या वर्षात मध्यप्रांतात व वऱ्हाडात सरकारला दुष्काळी कामे काढावी लागली. १८९६ च्या वैशाखात तर तो पावसाळा अजून लागायचाच होता. जो काळ अजून पडलाच नव्हता, तो कागदात कसा येईल? म्हणजे कागद १८९७ चाच. दोन वेगळ्या वाटांनी निघून मी एकाच ठिकाणी पोहोचलो होतो. इतिहासात याहून मोठा आनंद नाही.

मी पुन्हा नदी ओलांडली. काकांपुढे नक्कल ठेवली आणि म्हटले, “काका, शिवजयंती आपण केव्हा करतो?”

“१९ फेब्रुवारीला.”

“साल?”

“सोळाशे तीस.”

“जुन्या शकावलीत महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया असा आहे. शकात ७८ मिळवून पाहा.”

काकांनी बोटांवर हिशेब केला. “सोळाशे एकोणतीस येतात की!”

“होय. परंतु फाल्गुन हा शकाचा शेवटचा महिना. तोवर इंग्रजी वर्ष बदललेले असते. म्हणून सोळाशे तीस. आता हाच नियम या कागदाला लावा.”

मी जून ते जून असे बारा महिने पाटीवर लिहून दाखवले. वैशाखाच्या घरावर बोट ठेवून काका बराच वेळ गप्प राहिले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि पाटीवरील महिने आणखी एकदा मोजले. मग मी त्यांना कागदाची शेवटची ओळ वाचून दाखवली : एक गाय आणि दोन पायल्या ज्वारी. “घरात दाणा नसताना,” मी म्हणालो, “तुमच्या आजोबांनी माझ्या पणजीला दोन पायल्या दिल्या, गायही दिली. आमच्याकडे मात्र त्यांनी तिला हाकलून दिले, असे सांगत. हा कागद तुमच्याकडे होता म्हणून बरे झाले. नाही तर त्यांच्यावरचा आळ कधीच निघाला नसता.”

काका उठले आणि दाराशी जाऊन आत पाहून म्हणाले, “अगं, पाने मांडा. आपला पुतण्या आला आहे.” नंतर माझ्याकडे वळून म्हणाले, “उन्हाचा जाऊ नकोस रे. जेवून जा.”

त्या दिवशी पंगतीत आणखी एक प्रश्न निघाला. कागदात ‘चार लेकरे’ होती. आमच्या घरात आम्हाला तीनच ठाऊक : थोरली मुलगी, मधला मुलगा आणि माझे आजोबा. चौथे कोण? पणजीच्या माहेरच्या गावच्या कोतवाल पंजीत त्याचे उत्तर मिळाले. जुलै १८९७ च्या नोंदींत पणजीच्या भावाच्या नावापुढे एक ओळ आहे : मुलगी, वय वर्षे २, कारण ताप. नाव नाही. दोन वर्षांच्या मुलीचे नाव लिहिण्याची कोणास गरज वाटली नसावी. वैशाखाच्या उन्हात, वर्धेचे पाणी उतारापुरते असताना, पणजीने चार मुले पैलतीरावरून आणली. आणि दोन महिन्यांत त्यांतील सर्वांत धाकटी गेली. पणजीने हे दुःख पुढे कोणापाशी बोलून दाखवले नसावे. नाही तर आजीच्या गोष्टींत त्या मुलीचा उल्लेख कोठेतरी आलाच असता.

आता आमच्या घराण्याची नवी वंशावळ तयार झाली आहे. तिची एक प्रत नदीच्या अलीकडे आहे, एक पलीकडे. जुन्या वंशावळीत फक्त पुरुषांची नावे होती. या वंशावळीत मुली आणि सुना यांचीही आहेत. पणजीच्या चौकटीत तिची दोन्ही नावे लिहिली आहेत, आधी नदीचे, मग देवीचे. तिच्याखाली चार चौकटी आहेत. चौथी चौकट रिकामी आहे. काकांच्या घरच्या एका लहान मुलीने विचारले, “हिचं नाव आपणच ठेवू या का?” काका म्हणाले, “नको बाळ. जे ठाऊक नाही ते लिहू नये. पण जागा मात्र ठेवावी.”

मला हे वाक्य फार मोलाचे वाटते. जुन्या कागदांचा शोध घेणाराला दोन मोह होतात. दोन कागद एकमेकांशी भांडू लागले की आपल्या आवडीचा तेवढा खरा मानावा, हा एक. आणि कागद गप्प राहिला की आपल्या मनचे काही त्यात घालावे, हा दुसरा. दोन्ही टाळले पाहिजेत. भांडणाऱ्या कागदांना शांतपणे विचारावे : तुला कोणी लिहिले? केव्हा? तुझे वर्ष कोणत्या महिन्यात सुरू होते? बहुधा दोघेही खरे बोलत असतात. त्यांची भाषा समजून घेणे हे आपले काम.

मुलांनो, तुम्हालाही असा शोध घेता येईल. त्यासाठी आरंभीच कचेऱ्यांतून हिंडण्याची आवश्यकता नाही. घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा. त्यांच्या आईचे नाव विचारा, तिच्या माहेरचे नाव विचारा, माहेरचे गाव विचारा आणि ते कोणत्या तालुक्यातील, तेही विचारा. जे ऐकाल ते वहीत लिहा. कोणी सांगितले आणि कोणत्या दिवशी, हेही खाली लिहा. माळ्यावरच्या गाठोड्यातील मोडी कागद आज तुम्हाला वाचता येणार नाही. म्हणून तो फेकू मात्र नका. कोण जाणे, त्याच्या पाच ओळींत एखाद्या माणसाचे गेलेले नाव परत मिळवून देण्याचे सामर्थ्य असेल.